पियानोतली पोलिश लोकनृत्ये कशी ऐकावीत : नवख्या श्रोत्यांसाठी मार्गदर्शक

शोपाँ या पोलिश संगीतकाराच्या माझुर्का, म्हणजे पोलिश नृत्यांच्या लयीतल्या पियानोरचना, पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेकांना आवडतात, पण त्यांत नृत्य नेमके कुठे आहे हे मात्र उमगत नाही. याचे कारण सोपे आहे. तीन मात्रांचे पाश्चात्त्य संगीत म्हटले की आपल्या कानावर वॉल्ट्झ आधी पडलेला असतो. वॉल्ट्झमध्ये जोर पहिल्या मात्रेवर असतो आणि माझुर्कात तो बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर असतो. ही एक गोष्ट ध्यानात न घेता ऐकत राहिले तर या रचना नुसत्या हळव्या किंवा नुसत्या लहरी वाटत राहतात. म्हणून या लेखाचा आग्रह असा आहे की भाव, देशभक्ती किंवा संगीतकाराचे चरित्र यांच्याकडे वळण्याआधी श्रोत्याने प्रत्येक रचनेत वजन कोणत्या मात्रेवर पडते ते शोधावे. ते सापडले की नृत्याचे नाव, त्याचा प्रदेश आणि संगीतकाराने त्यात केलेला बदल या गोष्टी आपोआप स्पष्ट होत जातात.

यासाठी पियानो वाजवता येण्याची गरज नाही. एक चांगले रेकॉर्डिंग, ताल धरायला टेबलाची कड आणि तोच तुकडा चार-पाच वेळा ऐकण्याची तयारी पुरेशी आहे. रचना शोधताना ओपस क्रमांकाबरोबर (संगीतकाराच्या रचनांना दिलेल्या अनुक्रमांकाबरोबर) तिची पट्टीही लिहून ठेवावी, कारण ओपस ३३ आणि ओपस ४१ यांसारख्या संचांत माझुर्कांचा क्रम आवृत्तीनुसार बदलतो आणि नुसत्या क्रमांकावर विसंबणाऱ्याच्या हाती भलतीच रचना लागते. खाली जिथे ‘बार’ हा शब्द येतो तिथे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधला तीन किंवा दोन मात्रांचा खंड समजावा.

पहिली पायरी : पाच नृत्ये ओळखून ठेवावीत

पोलंडमध्ये पाच नृत्यांना राष्ट्रीय नृत्यांचा मान आहे : पोलोनेझ, माझुर, कुयावियाक, ओबेरेक आणि क्राकोव्ह्याक. यांपैकी पहिली चार तीन मात्रांची आणि शेवटचे दोन मात्रांचे. माझुर हे वॉर्साभोवतीच्या मझोव्हिया या सपाट प्रदेशाचे नृत्य. ते रुबाबदार, टाच आपटणारे आणि पुढे उमरावांच्या दिवाणखान्यात पोहोचलेले. कुयावियाक हे मझोव्हियाच्या वायव्येकडील कुयावी प्रांताचे; ते संथ आणि गाण्याच्या अंगाने जाणारे. ओबेरेक हे मध्य पोलंडच्या खेड्यांतले, या तिघांत सर्वांत जलद, आणि त्यात जोड्या सतत गिरक्या घेत असतात. क्राकोव्ह्याक दक्षिणेकडच्या क्राकोव परिसरातला. पोलोनेझ मात्र एका प्रांतापुरता नाही. खेड्यातल्या लग्नात जोड्यांनी चालत जाण्याच्या नृत्यापासून तो सरदारांच्या वाड्यांपर्यंत आणि पुढे युरोपभरच्या दरबारांपर्यंत गेला.

नवख्यांचा गोंधळ उडतो तो इथेच. शोपाँने माझुर, कुयावियाक आणि ओबेरेक या तिन्हींना ‘माझुर्का’ हे एकच नाव दिले, आणि अनेकदा एकाच रचनेत ती दोन किंवा तिन्ही नृत्ये गुंफली. तेव्हा शीर्षकात माझुर्का असे वाचून काहीच ठरत नाही. ठरते ते कानाने.

त्याने ही नृत्ये पुस्तकातून घेतली नव्हती. १८१० मध्ये मझोव्हियातल्याच झेलाझोवा वोला या गावी त्याचा जन्म झाला, बालपण वॉर्सात गेले, आणि १८२४ व १८२५ च्या उन्हाळी सुट्ट्या त्याने शाफार्निया या गावी काढल्या. तिथून त्याने घरी पाठवलेला मजकूर वर्तमानपत्राच्या थाटात लिहिलेला आहे आणि त्यात गावातल्या गाण्यांच्या व वादनाच्या नोंदी आहेत. तरीही शोपाँ लोकगीते गोळा करून पियानोवर मांडत होता असा समज करून घेऊ नये. त्याच्या माझुर्कांतल्या बहुतेक सर्व चाली त्याच्या स्वतःच्या आहेत. लोकसंगीतातून त्याने घेतले ते वजन, आधारस्वर आणि सुरावटीची वळणे. लोकगीते गोळा करण्याचे काम ओस्कार कोलबेर्ग या त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असलेल्या अभ्यासकाने आयुष्यभर केले, आणि शोपाँने व्हिएन्नाहून १८३० च्या अखेरीस घरी लिहिलेल्या पत्रात आपल्या नव्या माझुर्का नाचण्यासाठी नाहीत असे स्वतःच सांगून टाकले.

दुसरी पायरी : पियानो बाजूला ठेवून हाताने ताल धरावा

आधी माझुरची मूळ आकृती हातात बसवावी. तीन मात्रा मोजाव्यात. पहिल्या मात्रेचे दोन तुकडे करावेत आणि दुसरी व तिसरी मात्रा अखंड ठेवावी : ‘टक-टक, टाऽ, टाऽ’. पुष्कळदा पहिल्या मात्रेचे हे दोन तुकडे सारखे नसतात. पहिला लांब आणि दुसरा अगदी आखूड असतो. आता टेबलावर हीच आकृती वाजवताना जाणीवपूर्वक दुसऱ्या मात्रेवर जोर द्यावा, आणि पाच-सहा बारांनंतर जोर तिसऱ्या मात्रेवर न्यावा. हात सुरुवातीला हटकून पहिल्या मात्रेवर आपटेल. आपल्याकडे दादऱ्याच्या सहा मात्रांची आणि समेवर येण्याची सवय इतकी मुरलेली असते की समेखेरीज दुसऱ्याच मात्रेवर भार टाकणे म्हणजे चुकणे असे वाटते. माझुर्कात ती चूक नसून तोच नृत्याचा प्राण आहे : नाचणारा पहिल्या मात्रेवर हलका निघतो आणि टाच पुढच्या मात्रेवर टेकवतो.

यानंतर पोलंडचे राष्ट्रगीत ऐकावे. त्याचे नावच ‘दोम्ब्रोव्स्कीचा माझुरेक’ असे आहे. १७९७ मध्ये युझेफ विबित्स्की याने इटलीतल्या पोलिश सैन्यासाठी त्याचे शब्द लिहिले, तेव्हा पोलंड हा देश रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तीनदा वाटणी करून नकाशावरून पुसलेला होता. शेवटची वाटणी १७९५ ची. माझ्या मते नवख्याने माझुरची लय शिकण्यासाठी याहून चांगली रचना नाही, कारण ती सरळ आहे, लहान आहे आणि शेकडो लोक एका सुरात गाताना ऐकायला मिळते. त्यावर टेबलावर ताल धरून झाला की लगेच शोपाँचा एखादा वॉल्ट्झ लावावा आणि तोच ताल धरायचा प्रयत्न करावा. दोन्हींतला फरक मग वाचून कळण्याची गरज उरत नाही.

तिसरी पायरी : आधारस्वर ओळखावा

पोलिश खेड्यात नाचाला साथ देणारी वाद्ये मोजकीच होती. चाल वाजवायला व्हायोलिन, खाली सतत गुंजणारा खर्ज देण्यासाठी ‘बासी’ नावाचे दोन-तीन तारांचे गजाचे वाद्य किंवा कातडी पिशवीची ‘दुदी’, आणि जमले तर हातात धरायचा लहान ढोल. यामुळे चालीखाली षड्ज-पंचमाची जोडी अखंड चालू राही. तंबोऱ्याच्या संगतीत गाणे ऐकत वाढलेल्या कानाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, आणि म्हणूनच या पायरीवर मराठी श्रोता पुष्कळ युरोपीय श्रोत्यांच्या पुढे असतो असे मला मनापासून वाटते.

यासाठी एक रचना अगदी जवळून पाहावी : एफ मेजरमधली माझुर्का, ओपस ६८ क्रमांक ३. ती शोपाँने वॉर्सा सोडण्याच्या सुमारास लिहिली आणि त्याच्या मृत्यूनंतर १८५५ मध्ये छापली गेली. सुरुवात भरदार, ठाशीव माझुरची आहे. दोन्ही हात एकत्र चालतात आणि जोडस्वरांचे ठोकळे एखाद्या मिरवणुकीसारखे पुढे सरकतात. हा भाग ऐकताना हाताने ताल धरलेला असावा. मध्यावर अचानक चाल थांबते, लय थोडी वाढते आणि काही बारांपुरता फक्त डावा हात उरतो. तो काय वाजवतो? काळी पाच आणि तिच्या वरची पांढरी चार, म्हणजे काळी पाचला षड्ज धरले तर षड्ज आणि पंचम, दुसरे काहीही नाही. त्या गुंजनावर मग उजव्या हाताची उंच, बासरीसारखी बारीक सुरावट येते आणि तिच्यात पांढरी तीन पुन्हा पुन्हा लागते. काळी पाचच्या षड्जाला पांढरी तीन म्हणजे तीव्र मध्यम. घरात पेटी असेल तर एका हाताने काळी पाच व पांढरी चार दाबून ठेवावी आणि दुसऱ्या हाताने शुद्ध मध्यमाच्या जागी तीव्र मध्यम घेऊन वर-खाली जावे; मझोव्हियातल्या खेड्याचा रंग जवळजवळ तिथल्या तिथे ऐकू येतो. हा तुकडा बघता बघता संपतो आणि सुरुवातीचा माझुर परत येतो. बाहेर माझुर, आत ओबेरेक, अशी ही घडण आहे, आणि शोपाँच्या अनेक माझुर्कांचा आराखडा या एका रचनेवरून कळतो.

तीव्र मध्यमाची ही सवय आणखी दोन ठिकाणी तपासून पाहावी. सी मेजरमधली ओपस ५६ क्रमांक २ ही माझुर्का सुरूच होते ती डाव्या हातातल्या षड्ज-पंचमाने, आणि तिच्यातला तीव्र मध्यम लपलेला नाही, तो मुद्दाम पुढे आणलेला आहे. ए मायनरमधल्या ओपस ६८ क्रमांक २ मध्ये मात्र तोच स्वर संथ लयीत, दुखऱ्या जागेला हलके स्पर्श करावा तसा येतो. याच पायरीवर बी फ्लॅट मेजरमधली ओपस ७ क्रमांक १ ही प्रसिद्ध माझुर्काही ऐकावी. तिची उसळती सुरुवात सर्वांना ठाऊक असते. नवख्याने लक्ष द्यायचे ते नंतरच्या दबक्या आवाजातल्या भागाकडे, जिथे डावा हात पुन्हा पंचमाच्या जोडीवर स्थिर होतो आणि वर दोन लगतच्या स्वरांमधले अंतर नेहमीपेक्षा रुंद झाल्यामुळे सुरावट एकाएकी परकी वाटू लागते. पियानोशिक्षक पुष्कळदा विद्यार्थ्यांकडून हा भाग घाईने पार करून घेतात, पण खरे तर सगळी रचना त्या भागाकडे पाहत उभी आहे.

चौथी पायरी : तीन भावंडे वेगळी करावीत

आता माझुर, कुयावियाक आणि ओबेरेक यांतला भेद. लय हा पहिला निकष, पण तो एकटा पुरत नाही. ओबेरेकमध्ये सूर लहान लहान आवर्तनांत फिरत राहतात आणि एखादा छोटा तुकडा तसाच पुन्हा पुन्हा येतो, कारण नाचणारे गोल फिरत असतात. डी मेजरमधली ओपस ३३ ची माझुर्का याचा उत्तम नमुना आहे. माझुरमध्ये वाक्ये स्पष्ट तुटतात, उड्या मोठ्या असतात आणि शेवट ठामपणे होतो. कुयावियाकमध्ये चाल गाण्यासारखी लांबते, आणि वजन बहुधा वाक्याच्या अखेरीस जाऊन बसते.

कुयावियाकसाठी ए मायनरमधली ओपस १७ क्रमांक ४ ही माझुर्का घ्यावी. १८३० च्या नोव्हेंबरात, वॉर्सात रशियाविरुद्ध उठाव होण्याच्या चार आठवडे आधी, शोपाँ देशाबाहेर पडला आणि पुन्हा कधीच परतला नाही. हा संच त्यानंतरच्या पॅरिसमधल्या सुरुवातीच्या वर्षांतला आहे. सुरुवातीला चालच नाही. तीन-तीन स्वरांचे काही जोडस्वर येतात, त्यांतला फक्त मधला स्वर हलतो, आणि पट्टी कोणती आहे याचा थांगपत्ता लागत नाही. चाल सुरू झाल्यावरही डाव्या हातातले स्वर अर्ध्या-अर्ध्या पायरीने खाली उतरत राहतात, त्यामुळे पायाखालची जमीन स्थिर होत नाही. उजव्या हातात मधूनच बारीक स्वरांचा झुपका येतो. तो अलंकार म्हणून न ऐकता गाणाऱ्याने श्वास धरून घेतलेल्या हरकतीसारखा ऐकावा. मध्यावर ए मेजर येते आणि तिथे डाव्या हातात पुन्हा ओळखीचे पंचमाचे गुंजन ऐकू येते. शेवटी सुरुवातीचेच जोडस्वर परत येतात आणि रचना अशा स्वरसमूहावर विरते की ती संपली असे कोणी खात्रीने म्हणू शकणार नाही. नाचासाठी हे संगीत नाही हे शोपाँचे म्हणणे इथे पुरते पटते, आणि तरीही बोटाने ताल धरून पाहिले तर कुयावियाकची तीन मात्रांची डुलणी शेवटपर्यंत ढळत नाही.

पाचवी पायरी : ओढाताण समजून घ्यावी

आतापर्यंत ताल धरताना एक अडचण अनेकांना आलेली असेल : रेकॉर्डिंगमधल्या तीन मात्रा सारख्या नसतात. हा कानाचा दोष नव्हे. शोपाँच्या हयातीतच यावरून वाद झाले. पियानोवादक चार्ल्स हॅलेने शोपाँला एकदा सांगितले की तुमच्या माझुर्का तीन मात्रांच्या नसून चार मात्रांच्या वाटतात, कारण तुम्ही पहिल्या मात्रेवर फार रेंगाळता. शोपाँने ते नाकारले, तेव्हा हॅलेने त्याला वाजवायला लावून मोठ्याने चार मात्रा मोजून दाखवल्या आणि त्या चपखल बसल्या. शोपाँ हसला आणि म्हणाला की हा या नृत्याचा राष्ट्रीय स्वभाव आहे. मायरबेअर या प्रख्यात ऑपेरा-संगीतकाराबरोबर मात्र प्रकरण हसण्यावारी गेले नाही. ओपस ३३ मधली सी मेजरची माझुर्का ऐकून तो म्हणाला की ही दोन मात्रांची आहे, आणि एरवी सौम्य असलेला शोपाँ चिडून पायाने ताल देत, ओरडून मात्रा मोजत राहिला. तिथे हजर असलेल्या व्हिल्हेल्म फॉन लेन्झ या शिष्याने हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

या दोन प्रसंगांवरून नवख्याने एक भेद शिकावा, जो मी इतरत्र क्वचितच नीट मांडलेला पाहिला आहे. शोपाँच्या वादनात दोन वेगळ्या प्रकारची मोकळीक आहे. पहिल्या प्रकारात डावा हात ठरल्या लयीत चालतो आणि उजवा हात त्याच्या थोडा पुढे किंवा मागे राहतो. शोपाँ शिष्यांना डाव्या हाताला वाद्यवृंदाचा संचालक समजा असे सांगत असे. ठेका कायम ठेवून शब्द मागेपुढे टाकणाऱ्या आपल्या गायकांमुळे ही मोकळीक आपल्याला परिचित आहे. दुसऱ्या प्रकारात मात्र बारातल्या मात्राच असमान होतात : एक लांबते, दुसरी आखडते आणि पूर्ण बार मात्र साधारण तेवढाच राहतो. ही मोकळीक वादकाच्या भावनेतून आलेली नसून नाचणाऱ्यांच्या पावलांतून आलेली आहे, आणि मझोव्हियातल्या खेड्यांतले व्हायोलिनवादक आजही तशीच वाजवतात. पहिला प्रकार शोपाँच्या निशागीतांतही (नॉक्टर्नमध्येही) आढळतो, दुसरा माझुर्कांचाच. ऐकताना ‘वादक लय सांभाळत नाही’ असे वाटले तर बाराच्या सुरुवाती एकमेकींपासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहावे. त्या असतील तर वादक माझुर जाणतो.

वाजवणाऱ्यांनी मात्र ही ओढाताण सुरुवातीपासून करू नये. आधी महिनाभर साध्या, सम मात्रांत जोर दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेवर नेण्याचा सराव करावा, त्यासाठी डावा हात एकटा वाजवावा, आणि आधारस्वराच्या भागांत पेडल बदलण्याची घाई करू नये. सुरुवातीसाठी ओपस ६८ क्रमांक २ व ३ आणि जी मायनरमधली ओपस ६७ क्रमांक २ या तीन रचना योग्य आहेत.

एकच माझुर्का तीन वादकांकडून ऐकणे हा या पायरीवरचा सर्वांत फलदायी अभ्यास आहे. इग्नात्स फ्रीडमनची १९३० च्या सुमाराची ध्वनिमुद्रणे उघडपणे असमान, जवळजवळ नाचणारी आहेत; आर्थर रुबिनस्टाइनने सर्व माझुर्का तीन वेगवेगळ्या दशकांत तीनदा ध्वनिमुद्रित केल्या आणि प्रत्येक खेपेला त्या अधिक शांत होत गेल्या; आणि १९५५ च्या वॉर्सातल्या शोपाँ स्पर्धेत माझुर्कांसाठीचे पोलिश रेडिओचे खास पारितोषिक मिळाले ते शांघायहून आलेल्या फू त्सोंगला. या नृत्याची लय रक्तातच असावी लागते असे म्हणणाऱ्यांना हा निकाल दाखवावा.

सहावी पायरी : पोलोनेझ

पोलोनेझ माझुर्कांपेक्षा कानाला सोपा आहे, म्हणून त्याला नंतर घेतले. हे चालण्याचे नृत्य आहे : जोड्या रांगेत, संथ, डौलदार पावलांनी पुढे जातात. पोलंडमधले विद्यार्थी शालान्त परीक्षेच्या सुमारे शंभर दिवस आधी होणाऱ्या मेजवानीत आजही तो नाचतात, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

त्याची आकृती टेबलावर अशी वाजवावी : ‘टा टक, टा टा, टा टा’. तिन्ही मात्रांचे दोन दोन भाग, आणि पहिल्या मात्रेच्या दुसऱ्या भागाचे पुन्हा दोन बारीक तुकडे. दुसरी खूण वाक्याच्या शेवटी असते. पोलोनेझचे वाक्य पहिल्या मात्रेवर पूर्ण होत नाही, ते तिच्या पुढे जाऊन दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर टेकते. आधी मिखाऊ क्लेओफास ओगिन्स्कीचा ए मायनरमधला ‘मायभूमीचा निरोप’ हा पोलोनेझ ऐकावा. १७९४ च्या फसलेल्या उठावाशी जोडला गेलेला हा छोटा, उदास पोलोनेझ पोलंडमध्ये घराघरांत ठाऊक आहे. शोपाँने आपला पहिला पोलोनेझ सात वर्षांचा असताना, १८१७ मध्ये छापला, आणि ती रचना ओगिन्स्कीच्याच वळणाची आहे.

त्यानंतर ए मेजरमधला ओपस ४० क्रमांक १ घ्यावा. त्यात ही आकृती जवळजवळ प्रत्येक बारात उघडपणे वाजते. ए फ्लॅट मेजरमधला ओपस ५३ सर्वांच्या परिचयाचा आहे, पण मी नवख्याला त्याऐवजी एफ शार्प मायनरमधला ओपस ४४ सुचवीन. त्याच्या मध्यावर, एकच आकृती लष्करी ढोलासारखी बराच वेळ ठोकली गेल्यावर, शोपाँने चक्क एक पूर्ण माझुर्का घातली आहे. चालणे थांबते आणि डुलणे सुरू होते. वजन एका मात्रेवरून दुसरीवर सरकलेले हाताला स्पष्ट कळते. दोन नृत्यांतला भेद शिकवणारी इतकी नेमकी जागा दुसरी नाही. १८४६ चा पोलोनेझ-फँटसी, ओपस ६१, मात्र आकृती पूर्ण अंगवळणी पडल्यावरच ऐकावा, कारण त्यात ती पुष्कळदा सूचित होऊन मागे सरते.

सातवी पायरी : क्राकोव्ह्याक

याला फार वेळ लागत नाही. दोन मात्रा, आणि त्यांत आखूड-लांब-आखूड असा आघात : ‘ट टाऽ ट’. मधला लांब स्वर दोन मात्रांच्या सांध्यावर पडत असल्यामुळे चाल लंगडत उसळल्यासारखी वाटते. शोपाँचा १८२८ चा पियानो आणि वाद्यवृंदासाठीचा ‘रोंडो आ ला क्राकोव्ह्याक’, ओपस १४, आणि ई मायनर कॉन्चेर्टोचा (पियानो व वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेचा) शेवटचा भाग हे दोन नमुने पुरेत. त्याच्या एफ मायनर कॉन्चेर्टोचा शेवटचा भाग मात्र माझुर्काच्या अंगाचा आहे, आणि तिथे व्हायोलिनवादक एके ठिकाणी गजाच्या लाकडाने तारांवर टकटक करतात, ती खेड्यातल्या नाचाची आठवण म्हणून जरूर ऐकावी. पुढे स्वतंत्र पोलंडचा पंतप्रधान झालेल्या पियानोवादक पाडेरेव्स्कीनेही एक जोमदार क्राकोव्ह्याक लिहिला आहे.

आठवी पायरी : खेड्यातले मूळ वादन ऐकावे

हे काम शेवटाकडे ठेवण्याचे कारण असे की आधी ऐकले तर ते खडबडीत आणि एकसुरी वाटून नवखा मागे फिरतो. पोलिश लोकसंगीत म्हणून शोध घेतल्यास प्रथम सापडते ते १९४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘माझोव्ह्शे’सारख्या मोठ्या रंगमंचीय संचांचे सादरीकरण. ते देखणे आहे, पोशाख आणि पावले पाहण्यासाठी उपयोगी आहे, पण त्यातले संगीत वाद्यवृंदासाठी घासूनपुसून सम केलेले आहे आणि मात्रांची ती मूळ असमानता त्यात सहसा उरत नाही. त्याऐवजी काझिमिएश दोल्नी या गावात १९६७ पासून भरणाऱ्या लोकवादक-गायकांच्या महोत्सवातली ध्वनिमुद्रणे शोधावीत. एक व्हायोलिन, एक ढोल आणि खाली गुंजणारी बासी एवढ्यावर चालणारा ओबेरेक ऐकल्यावर ओपस ६८ क्रमांक ३ चा मधला भाग पुन्हा लावावा.

नववी पायरी : शोपाँनंतर

शोपाँच्या आधी मारिया शिमानोव्स्का हिने पियानोसाठी छोट्या, नाचता येण्याजोग्या माझुर्का लिहिल्या होत्या, आणि त्याच्यानंतर रशियात तरुण स्क्रियाबिनने त्याच्या छायेत राहून बऱ्याच लिहिल्या. पण या प्रकाराला नवे वळण लावले ते कारोल शिमानोव्स्कीने. १९२० नंतर तो दक्षिणेकडच्या तात्रा पर्वताच्या पायथ्याशी झाकोपाने गावी वारंवार राहू लागला. तिथले त्याचे ‘आत्मा’ नावाचे लाकडी घर आज संग्रहालय आहे. त्या डोंगराळ भागातल्या लोकांचे संगीत मझोव्हियाच्या संगीताहून अगदी वेगळे आहे : ते दोन मात्रांचे, कर्कश, ताणलेल्या आवाजात गायले जाणारे, आणि तीव्र मध्यमाला घट्ट धरून असणारे. शिमानोव्स्कीने १९२४-२५ मध्ये लिहिलेल्या ओपस ५० च्या वीस माझुर्कांत सपाट प्रदेशाची तीन मात्रांची लय घेतली आणि तिच्यावर डोंगरातली सुरावट बसवली. दोन प्रदेश असे प्रत्यक्षात कधीच एकत्र नाचलेले नाहीत, ते फक्त या पानांवर भेटतात.

या माझुर्का पहिल्यांदा ऐकताना स्वर एकमेकांवर आदळल्यासारखे वाटतील. तेव्हा पुन्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर जावे : टेबलावर ताल धरावा, डाव्या हातातला पंचम शोधावा, तीव्र मध्यम कुठे लागतो ते टिपावे. स्वरांची ती टक्कर पुष्कळदा एवढीच असते की खाली आधारस्वर हलायला तयार नसतो आणि वर चाल आपल्या वाटेने निघून जाते. यांतल्या पहिल्या चार रुबिनस्टाइनला अर्पण केलेल्या आहेत. आधी त्या चार पुरेशा ओळखीच्या होईपर्यंत ऐकाव्यात आणि मगच उरलेल्या सोळांकडे वळावे.